कांस्याचे सर

सोडियम उघड्या हवेत ठेवत नाहीत. रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. पुस्तकात हे मी नंतर वाचलं. त्याआधी पेणच्या शाळेत मला स्वतःलाच सोडियम म्हणून ठेवलेलं होतं, आणि माझा बाक प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, रॉकेलच्या डब्याला लागून होता. मॅट्रिक होईपर्यंत माझ्या कपड्यांना तो वास होता. आई विचारायची, शिकायला जातोस का दिवे लावायला?

हे ज्यांनी केलं, त्यांचा मी पुढे सत्कार केला. त्या सत्काराची ही हकिकत. ती सांगताना मला कुठे पश्चात्ताप झालासा वाटला, तर तो छपाईचा दोष समजावा.

आमचं गाव पेणजवळ खाडीकाठी, मिठागरांना लागून. घरातली सगळी माणसं मिठावर राबणारी. मी आणि शेजारच्या घरातला माझ्याच वयाचा एक मुलगा, असे दोघंच काय ते हायस्कुलापर्यंत पोचलो. अकरावीला मॅट्रिक व्हायची तो काळ. बांधाबांधाने चालत शाळेत जायचं, टाकीवर पाय धुवायचे, मग वर्गात. पाय न धुता गेलो तर फरशीवर खाऱ्या चिखलाचे पांढरे ठसे वाळत आणि शिपाई आमच्या सात पिढ्यांची चौकशी करी.

रसायनशास्त्राला एक सर होते. ते वर्गात आले की आम्ही उभे राहायचो, आणि ते स्वतःच्या रुमालाने खुर्ची झटकून, रुमालाची परत चौघडी घालून, तो खिशात ठेवून बसेपर्यंत उभेच राहायचो. शाळेचा खडू ते वापरत नसत. घरून पत्र्याच्या डबीत आणत. गावात त्यांना मोठा मान होता. व्याख्यानमालेत आभार मानायला त्यांनाच बोलावत, आणि आभार व्याख्यानापेक्षा लांबत.

त्यांचं रसायनशास्त्र म्हणजे नावं. फळ्यावर सूत्र लिहायचं, पट्टी एखाद्यावर रोखायची आणि म्हणायचं, "नाव सांग." मग मोजायचं. "एक." थोडं थांबून, "दोन." तीन ते कधी म्हणाले नाहीत. तीनच्या जागी टेबलाचा खण उघडल्याचा आवाज येई. खणात सुतळीचा गुंडा होता.

चुकलेल्या दोघांना ते पुढे बोलावत. एकाचं उजवं मनगट, दुसऱ्याचं डावं, मध्ये सुतळी. गाठ त्यांची स्वतःची होती: दोन वेढे, त्यांतून एक टोक उलटं काढलेलं, ओढाल तेवढी आवळणारी. "हा रासायनिक बंध," ते वर्गाला सांगत. "एक देतो, दुसरा घेतो. देणाऱ्याचं नाव आधी, जसंच्या तसं. घेणाऱ्याचं नंतर, आणि त्याचं शेपूट बदलतं." मग त्या जोडीला एखाद्या संयुगाचं नाव मिळे. शाळा सुटेपर्यंत ती दोघं त्या नावाने हजेरी देत, त्या नावाने पाणी प्यायला जात, आणि जिथे माणसाने एकट्याने जायचं असतं तिथेही जोडीनेच जात. शिक्षणखात्याचे एक साहेब तपासणीला आले होते. त्यांनी ही पद्धत पाहून प्रात्यक्षिकातून शिक्षण म्हणून सरांची पाठ थोपटली. सरांच्या घरी शिकवणीला जाणारी मुलं मात्र फारशी चुकत नसत. त्यांना प्रश्नच सोपे येत.

त्या दिवशी फळ्यावर एक मॅग्नेशियम आणि दोन क्लोरीन होते. मिठाला ओल सुटते ती ह्या पदार्थामुळे. आमच्या घरी तो दर पावसाळ्यात मिठाच्या मडक्यातून पाझरून जमिनीवर डाग पाडायचा, पण त्याचं नाव कुणी कधी विचारलं नव्हतं.

"मिठागरवाले," सर मला म्हणाले, "तुमच्या घरचाच माल आहे. नाव सांग."

"मॅग्नेशियम डायक्लोराइड."

"एक."

माझं चुकलं कुठे ते मला कळेना. कार्बनपाशी दोन ऑक्सिजन असले की डायऑक्साइड म्हणतात, मग दोन क्लोरीन असताना डायक्लोराइड का नको? उत्तर तसं सोपं आहे. कार्बन आणि ऑक्सिजन दोघंही अधातू; ते इलेक्ट्रॉन देत-घेत नाहीत, भागीदारीत वापरतात, आणि त्याच दोघांची भागीदारी वेगवेगळ्या प्रमाणात जमू शकते. म्हणून कोण किती, ते नावातच सांगावं लागतं. मॅग्नेशियम धातू. तो दोन इलेक्ट्रॉन देणार हे ठरलेलं, क्लोरीन एकच घेणार हेही ठरलेलं. ठरलेली गोष्ट नावात पुन्हा सांगत नाहीत. एवढंसं उत्तर, पण ते मला कॉलेजात गेल्यावर मिळालं. सरांनी कधी दिलं नाही. त्यांना ते येत होतं की नाही, याबद्दल माझं एक मत आहे.

"दोन," सर म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या घरातला तो मुलगा, माझ्याच बाकावर बसणारा, उठून उभा राहिला. "सर, मॅग्नेशियम डायक्लोराइडच," तो मोठ्याने म्हणाला. त्याला रसायनातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. मी म्हणालो म्हणून तो म्हणाला.

खण उघडला.

आम्हाला नाव मिळालं सोडियम क्लोराइड. "मिठागरातून आलेलं मीठ," सर म्हणाले, आणि वर्ग हसला. मी आधी चुकलो म्हणून सोडियम, तो नंतर चुकला म्हणून क्लोराइड.

मधल्या सुट्टीत त्याची आई आली. बाजार आटपून परत जाताना मुलाचा विसरलेला डबा द्यायला ती वाट वाकडी करून आली होती. डोक्यावर रिकामी पाटी, कमरेला कोयता. आम्ही टाकीवर होतो, बांधलेले, आणि भोवती दुसऱ्या वर्गांतली पोरं "मीठ घ्या, मीठ" असं ओरडत होती. ती जरा वेळ बघत राहिली. मग शिक्षकांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मास्तर, पोरं हायत ती का ढोरं?"

सर चहा घेत होते. "बंध आहे तो, बाई. शास्त्र आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"व्हय," ती म्हणाली. "मला येवढंच कलतं."

ती टाकीवर परत आली, कमरेचा कोयता काढला आणि आमच्या मधली सुतळी कापली. मुलाच्या मनगटावर गाठ तशीच राहिली. ती ओढून निघण्यातली नव्हती. तो ती घालूनच आईमागून घरी गेला आणि शाळेत परत आला नाही. पेणला त्याच्या मामाचा गणपतींचा कारखाना होता, तिथे माती मळायला लागला.

दुसऱ्या दिवशी हजेरीला सर म्हणाले, "सोडियम?" मी हजर म्हणालो. "क्लोराइड?" त्याची जागा रिकामी होती. सरांनी चष्मा काढून पुसला. "सोडियम निसर्गात एकटा सापडत नाही," ते वर्गाला म्हणाले, "आणि सापडलाच, तर तो रॉकेलमध्ये ठेवायचा असतो." शिपायाने माझा बाक उचलून कोपऱ्यात नेला. पुढे मॅट्रिकपर्यंत मी तिथे एकटा बसलो. शेजारी बसण्याची कुणाला मुभा नव्हती. स्फोट होईल, असं सर सांगत.

तेव्हापासून माझी मागणी एकच होती. सरांनी एकदा भर सभेत एखाद्या वस्तूचं नाव चुकीचं सांगावं, मी एक, दोन म्हणावं, आणि त्या चुकीची शिक्षा त्यांना तिथेच, लोकांदेखत व्हावी. इतरांच्या देवाकडच्या मागण्या ऐकल्या तर ही तशी माफकच.

मी पुढे रसायनशास्त्रच घेतलं. त्यात सरांचं श्रेय आहे असं लोक म्हणतात. आहेच. रोह्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली आणि शिफ्टमध्ये आयुष्य गेलं. तिथे बाटल्यांवर नावं बरोबर असावी लागतात. नाव चुकलं तर वर्ग हसत नाही, भोंगा वाजतो.

मित्राशी संबंध राहिला. मामामागे कारखाना त्याच्याकडे आला होता. त्याचं खरं नाव माझ्याखेरीज फार कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या हाताखालची माणसंही त्याला क्लोराइडशेठ म्हणत. मला तो सोड्या म्हणे. आमच्या घरचा गणपती दरसाल त्याच्याकडून येई. शाळेचा विषय त्याने कधी काढला नाही. मी काढला तर म्हणे, "सोड ना रं. शालंत ऱ्हायलो असतो तर आज तुझ्यासारका घड्याल बघून जेवलो असतो."

सरांना पंचाहत्तरी लागली तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी गौरव समिती काढली. त्यात डॉक्टर होते, बिल्डर होते, एक नुकताच निवडणूक हरलेला होता. पत्रं लिहायला येणारा मी एकटाच निघालो, म्हणून चिटणीस मला केलं. सन्मानचिन्ह, शाल, श्रीफळ हे सरांनी स्वतःच बाद केलं. "ते कुणालाही देतात," ते म्हणाले. शेवटी शाळेच्या आवारात त्यांचा कांस्याचा अर्धपुतळा बसवायचं ठरलं. जिवंत माणसाने आपला पुतळा मंजूर करताना थोडं तरी अवघडावं, अशी माझी अपेक्षा होती. सरांनी फक्त विचारलं की तोंड रस्त्याकडे असणार ना.

कांस्य ओतायला वेळ लागतो, आणि सरांना थांबायचं नव्हतं. तेव्हा असं ठरलं की आधी मातीचं प्रारूप करायचं, त्यावर कांस्याचा रंग देऊन समारंभ उरकायचा, आणि नंतर सावकाश त्याचा साचा काढून धातूचा पुतळा ओतायचा. मातीसाठी मी क्लोराइडचं नाव सुचवलं.

"सोड्या, मी जन्मात गनपती सोडून काय केलंय का?" तो म्हणाला.

"उंदीर केलेस की."

त्याने जरा विचार केला. "मग जमंल," तो म्हणाला.

सर पुतळ्यासाठी समोर बसायला, बैठकीला, कारखान्यात यायचे. फळ्यांवर ओळीने बिनरंगाचे गणपती, आणि त्यांच्यामध्ये खुर्ची झटकून बसलेले सर. मी रोह्याहून सुट्टी काढून जात असे, बघण्यासारखं होतं. क्लोराइडने आधी पाटावर एक लाकडी दांडा उभा केला आणि माती धरावी म्हणून त्याला खालपासून वरपर्यंत सुतळी गुंडाळली. शेवटची गाठ मारताना माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. दोन वेढे, आणि एक टोक उलटं काढलेलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो शीळ घालत होता.

सरांनी त्याला ओळखलं नाही. "कपाळ जरा रुंद घ्या," ते सांगत. "नाक सरळ आहे माझं."

"व्हय साहेब," क्लोराइड म्हणे. सर असं त्याने त्यांना एकदाही म्हटलं नाही.

सगळ्यात शेवटी डोळे. पेणच्या कारागिराचं नाव डोळ्यांच्या आखणीवर चालतं. त्या दिवशी कारखान्यात कुणी मोठ्याने बोलत नाही. क्लोराइडने कुंचला टेकवला, आणि बघता बघता सरांच्या तोंडावर दोन शांत, मायाळू, सगळं पोटात घालणारे डोळे उमटले. सर गेल्यावर मी त्याच्यावर उखडलो.

"हे कुणाचे डोळे? त्यांचे असे कधी होते?"

"माझ्या हाताला येवढंच डोलं येतात," तो म्हणाला. "त्यांना सांग, तुमीच तुमचं डोलं तसं करून घ्या म्हनावं."

शाडूविषयी थोडं सांगायला हवं. ही माती म्हणजे मिठासारखं दोन शब्दांत नाव सांगता येईल असं साधं संयुग नव्हे. तिच्या कणाच्या आत ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन हे एकमेकांना घट्ट धरून असतात. पण एका कणाचा दुसऱ्या कणाशी म्हणावा असा बंध नसतो, नुसता शेजार असतो. भट्टीत घातली तर त्या शेजाराचं पक्कं नातं होतं. गणपती भट्टीत घालत नाहीत. म्हणून तर तो विसर्जनाला पाण्यात सुखाने विरघळतो. पुतळाही भाजलेला नव्हता, आणि कांस्याचा म्हणून जो रंग होता ती डिंकात कालवलेली चमकी होती.

हे मी सरांना कारखान्यातच, क्लोराइडच्या देखत, स्वच्छ सांगितलं होतं. "सर, ही कच्ची शाडू आहे. कांस्य नंतर."

"लोकांना इतका तपशील कशाला?" सर म्हणाले. "आपण नाव कांस्यच सांगायचं."

निमंत्रणपत्रिकेवर कांस्य छापलं गेलं. स्थानिक वर्तमानपत्राच्या वार्ताहराला सरांनी कांस्य सांगितलं. महिनाभर म्हणता म्हणता त्यांना स्वतःलाही ते खरं वाटू लागलं असावं. नाव दिलं की वस्तू तशी होते, हे त्यांचं रसायनशास्त्र जुनंच होतं.

मग त्यांनी कार्यक्रमाची रूपरेषा माझ्या हातात ठेवली. दीपप्रज्वलन, अनावरण, आणि त्यानंतर त्यांच्या अक्षरात: पुतळ्यास नद्यांच्या जलाचा अभिषेक, माजी विद्यार्थ्यांच्या हस्ते. ती खिशात घालून मी पेणहून रोह्याच्या गाडीत बसलो. कासू स्टेशनात गाडी उभी राहिली. समोर बाकावर एक म्हातारबाबा मांडीवर पितळी गणपती घेऊन बसले होते, आणि तो बघताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आमच्याकडे शाडूच्या गणपतीला कुणी अंघोळ घालत नाही. अभिषेक असला तर तो शेजारी ठेवलेल्या सुपारीवर करतात, किंवा अशा पितळी मूर्तीवर. मातीच्या देवाला फुलाने थेंबभर पाणी दाखवायचं. पेण तालुक्यातल्या पाच वर्षांच्या मुलीलाही हे ठाऊक असतं. सरांनाही होतं. पण मातीच्या मूर्तीला सुपारी ठेवायची, तर आधी ती मातीची आहे हे बोलावं लागतं.

नागोठणं येईपर्यंत माझा कार्यक्रम तयार होता. क्लोराइडला मी फोनवर सांगू लागलो, तर त्याने मध्येच तोडलं. "मला नको सांगू. मला मूर्ती द्यायची हाय, साक्ष नाय."

"सरांना सावध करा," घरी बायको म्हणाली.

"करणार आहे," मी म्हणालो. "लोकांसमोर."

समारंभ माघातल्या एका सकाळी झाला. आभाळ निरभ्र, शाळेच्या आवारात मांडव, पुढे सोफे, मागे खुर्च्या. क्लोराइड शेवटच्या रांगेत आईला घेऊन बसला होता. म्हातारीला आता कमी दिसायचं, ऐकू मात्र सगळं येई. सर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होते. पडदा सरला, टाळ्या पडल्या, आणि उन्हात पुतळा खरोखर कांस्यासारखा चमकला. मायाळू डोळ्यांनी तो रस्त्याकडे बघत होता.

कलश मांडले होते. आंबा नदीचं पाणी नागोठण्याहून आलं होतं, भोगावतीचं तिथलंच, आणि कुंडलिकेचं मी रोह्याहून स्वतः आणलं होतं. एकेका कलशामागे माजी विद्यार्थ्यांची रांग. भटजी पुतळ्याजवळ गेले, जरा वाकून पाहिलं, आणि सवयीने मला विचारलं, "मूर्ती मातीची आहे का? असली तर सुपारी ठेवतो."

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी माइक सरांच्या तोंडापुढे धरला.

"सर, भटजी विचारतात, पुतळा कशाचा आहे? आपणच नाव सांगा."

सरांनी घसा साफ केला. "कांस्य," ते मांडवभर म्हणाले. "तांबं आणि कथिल यांचं संयुग."

एका वाक्यात दोन चुका. एक तर समोर होती ती माती. दुसरं, कांस्य मुळी संयुग नव्हेच. त्यात कुणी देत नाही, कुणी घेत नाही, प्रमाण ठरलेलं नसतं, कुणाचं शेपूट बदलत नाही. दोन धातू वितळवून एकत्र ओततात, त्याला मिश्रधातू म्हणतात. नववीतल्या मुलाने हे उत्तर दिलं असतं तर त्याला शाळा सुटेपर्यंत सुतळी होती.

"एक," मी माइकवर म्हणालो.

लोकांना वाटलं, पहिला कलश पुकारला. सरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी माइकवर हात ठेवला आणि हळू म्हणालो, "सर, शाडू आहे. अजून सुपारी ठेवता येईल. फक्त तसं सांगा."

समोर फोटोग्राफर होता. सरांनी हसू ढळू दिलं नाही. "कार्यक्रम ठरल्याप्रमाणे," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. "चार पळ्या डोक्यावर, बस्स."

"दोन," मी माइकवर म्हणालो, आणि बाजूला झालो.

चार पळ्यांचं मी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर पहिला होता. त्याने श्रद्धेने सगळा कलश ओतला. आधी चमकी सुटली. ती सोन्याच्या ओघळांनी कपाळावरून आली, आणि मागे राखाडी माती उघडी पडली. बिल्डर दुसरा. त्याला वाटलं धूळ धुतली जातेय, म्हणून त्याने हाताने चोळलं. एक भुवई त्याच्या तळहातावर आली. ती कुठे ठेवावी ते न कळून त्याने रुमालात बांधली. रांगेत मागे असलेल्यांना काही दिसत नव्हतं आणि पुण्य सगळ्यांना हवं होतं. डोळे गेले. सरळ नाक जरा वेळ तग धरून होतं, मग तेही छातीवर उतरलं. भटजींचे मंत्र थांबले होते. निवडणूक हरलेल्याने तरीही आपला कलश ओतला. त्याच्या फोटोची वेळ आली होती.

तेवढ्यात मागून म्हातारीचा आवाज मांडवभर आला. शेजारच्या बाईला ती विचारत होती, "गो, विसर्जन झालं का? आरती नाय म्हनली ती?"

आधी मागच्या खुर्च्या हसल्या. मग सोफे.

सर उठून पुतळ्याजवळ गेले. मातीचा मोठा गोळा खाली बसला होता आणि त्यातून सुतळी गुंडाळलेला दांडा वर आला होता, गळ्यात झेंडूचा हार घातलेला. त्यांच्या शुभ्र बाहीवर चमकीचे शिंतोडे उडाले होते. क्लोराइड आपली माती सावरायला पुढे आला होता. सर त्याच्यावर गरजले.

"हे काय केलंत तुम्ही? कोण तुम्ही? कुठले?"

"मी क्लोराइड," तो म्हणाला.

सरांच्या तोंडातून आपोआप निघालं, "आणि सोडियम?"

"हजर," मी म्हणालो.

त्यांना आठवलं. ते मी पाहिलं, आणि जे पाहायला मी इतकी वर्षं थांबलो होतो ते तेच होतं. त्यांनी नजर काढून दांड्याकडे वळवली. निदान ते लाकूड तरी लोकांच्या डोळ्यांआड करावं, असं त्यांना वाटलं असेल. सुतळीचं टोक धरून ते ओढू लागले. गाठ आवळली. त्यांनी आणखी ओढलं. ती ओढून सुटत नाही, हे त्या मांडवात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"कोयता देऊ का, मास्तर?" म्हातारीने जागेवरून विचारलं.

जेवणाला मी थांबलो. श्रीखंड चांगलं होतं.

कांस्याचा पुतळा पुढे ओतला गेला नाही. साचा काढायला तोंडच उरलं नव्हतं, आणि सरांनी दुसऱ्यांदा बैठक द्यायला नकार दिला. चौथरा आहे अजून. मुलं त्यावर बसून डबे खातात. सर नंतर रोह्याला मुलाकडे राहायला आले. बाजारात मी समोरून दिसलो की ते रस्ता ओलांडून पलीकडे जात. मी थांबून त्यांना नमस्कार करी, दोन्ही हात जोडून, मनगटं नीट दिसतील असा.

माती क्लोराइडने पाटीत भरून कारखान्यात नेली होती. शाडू वाया जात नाही. भिजवून मळली की पुन्हा कामाला येते. मी त्याला म्हटलं, घाल आता गणपतीत.

"ह्या मातीचा देव नाय करनार मी," तो म्हणाला. "उंदीर करतो."

त्या साली त्याच्या कारखान्यातून गेलेल्या कितीतरी गणपतींच्या पायाशी सर होते. आमच्या घरीही आले. हात जोडून, मान वर करून बसलेला, सरळ नाकाचा उंदीर. त्याच्या दोन्ही मनगटांभोवती मिळून सुतळीएवढी बारीक तपकिरी रेघ होती. मी विचारलं तर क्लोराइड म्हणाला, कडं हाय ते. दीड दिवसांनी मी त्याला कुंडलिकेत सोडला. पुढच्या भाद्रपदात क्लोराइडने न सांगता तशीच रेघ ओढून दिली, आणि तेव्हापासून दरसाल देतो.